झारीतलं पाणी

कामात खोडा घालणाऱ्या माणसाला आपण 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो. कचेरीत फाइल दाबून बसलेला कारकून असो की सोसायटीच्या सभेत प्रत्येक ठरावाला हरकत घेणारे काका, शब्द एकच. मूळ गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. बळीराजा वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघतो, दानाचं उदक सोडायला झारी उचलतो, आणि त्याचे गुरू शुक्राचार्य पुढचा धोका ओळखून सूक्ष्म रूपानं तोटीत जाऊन बसतात. झारी भरलेली, पण थेंब खाली येत नाही. मग वामन दर्भाची काडी तोटीत खुपसतो, शुक्राचार्यांचा एक डोळा जातो आणि पाणी वाहू लागतं.

शुक्र नावाच्या ग्रहावर जीव असेल का, या प्रश्नाचं घोडं अशाच एका तोटीपाशी अडलं आहे. तिथल्या ढगांत पाणी आहे. फार नाही, पण आहे. ते धरून बसलंय गंधकाम्ल. लोक शुक्राबद्दल बोलताना उष्णतेबद्दल बोलतात, आणि ती आहेच तशी. पण खरी अडवणूक पाण्याची आहे, असं माझं मत आहे. हे पुस्तक त्या मतापायी लिहिलं गेलं, तेव्हा ते सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

निमित्त मात्र एका फोनचं. २०२० च्या सप्टेंबरात, करोनामुळे सगळे घरात कोंडलेले असताना, लातूरकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची धान्याची आडत आहे. रसायनशास्त्रात तो जेमतेम पास झाला होता, पण त्याचे प्रश्न नेहमी चांगले असत.

"सर, टीव्हीवर सांगतायत शुक्रावर फॉस्फीन सापडला. तो आपल्या गोळीचाच वायू ना?"

गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. गोदामात पोत्यांची थप्पी लावायची, ताडपत्रीनं चारी बाजूंनी घट्ट झाकायची, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबायच्या आणि आत गोळ्या ठेवायच्या. हवेतल्या दमटपणानं गोळी हळूहळू फुटते, तिची राखाडी भुकटी होते आणि वायू सुटतो. सोंडे, टोके, जे काही धान्यात असेल ते मरतं. माणूसही मरतो. दार उघडल्यावर लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर आत पाऊल टाकायचं नाही, हे तिथल्या प्रत्येक हमालाला ठाऊक असतं.

"हो रे, तोच," मी म्हटलं.

"मग तिथं गोळी कुणी ठेवली?"

त्यानं हे हसत विचारलं, पण कार्डिफ विद्यापीठाच्या जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमका हाच प्रश्न पडला होता. फॉस्फीन म्हणजे एक फॉस्फरस आणि तीन हायड्रोजन. शुक्राच्या हवेत कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे ऑक्साइड, म्हणजे सगळीकडे ऑक्सिजनशी लग्न लागलेले अणू. अशा हवेत फॉस्फरसनं हायड्रोजनचा हात धरून राहावं, हे रसायनाच्या रीतीला सोडून आहे. आणि जरी तसं झालं तरी तो वायू टिकायचा नाही. टिकलेला दिसतोय म्हणजे कुणीतरी तो सतत बनवत असलं पाहिजे. पृथ्वीवर गोळी बनवणारे कारखाने वगळले, तर फॉस्फीन दलदलीत, प्राण्यांच्या आतड्यांत, पेंग्विनांच्या विष्ठेत सापडतो. म्हणजे जिथं ऑक्सिजनवाचून जगणारे जंतू असतात तिथं. ग्रीव्ह्ज यांच्या गटानं ज्वालामुखी, विजा, उल्का असे एकेक संशयित तपासले आणि कुणाच्याही हातून एवढा फॉस्फीन होत नाही असं मांडलं. 'जीव सापडला' असं त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं. ते वाहिन्यांनी लिहिलं.

तेव्हापासून आजवर या वायूचं जे झालं आहे, ते एखाद्या वाटणीच्या दाव्यासारखं आहे. हवाईतल्या दुर्बिणीनं २०१७ साली आणि चिलीतल्या आल्मा या दुर्बिणींच्या जाळ्यानं २०१९ साली घेतलेल्या नोंदींवर तो पहिला दावा उभा होता, प्रमाण अब्जात २० रेणू. महिन्याभरात दुसऱ्या गटांनी तेच आकडे पुन्हा चाळले. कुणी म्हणालं, वर्णपटातली ती खाच गोंगाट गुळगुळीत करताना तुम्हीच पाडली आहे. कुणी म्हणालं, ती रेघ फॉस्फीनची नाही, जवळच पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची आहे. आल्माच्या नोंदींच्या प्रमाणीकरणातच चूक निघाली. ती दुरुस्त केल्यावर २० चा आकडा १ च्या आसपास आला. सोफिया ही विमानात बसवलेली दुर्बीण २०२१ साली वर गेली आणि तिच्या नोंदी पाहणाऱ्यांनी काही सापडलं नाही असं जाहीर केलं. ग्रीव्ह्ज यांच्या गटानं त्याच नोंदी वेगळ्या रीतीनं तपासून 'आहे' म्हटलं. २०२४ साली हवाईतल्याच दुर्बिणीच्या नव्या नोंदी घेऊन ते पुन्हा उभे राहिले, या वेळी अमोनियाचीही शक्यता सांगत. निकाल लागलेला नाही. माझा स्वतःचा कल 'नाही'कडे आहे. एखादी रेघ खरी असेल तर जितकं जास्त पाहावं तितकी ती ठळक व्हायला हवी. ही पुसट होत गेली आहे. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि मी निवृत्त मास्तर आहे, न्यायाधीश नव्हे.

आता ग्रहाबद्दल. शेजारी म्हणावा तर सख्खा. व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या ९५ टक्के. वस्तुमान ८१ टक्के. सर्वांत जवळ येतो तेव्हा चार कोटी किलोमीटरच्या आत-बाहेर. मंगळ इतका जवळ कधीच येत नाही. आपल्या घरांतून त्याची खबरबात ठेवली जाते ती प्रामुख्यानं लग्नांसाठी: शुक्राचा अस्त असला की पंचांगात मुहूर्त मिळत नाहीत आणि कार्यालयांचं भाडं बुडतं. गावाकडे पहाटेच्या चांदणीवर बैल सोडायची वेळ ठरायची. इतकं रोजचं नातं असून त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, कारण तो कायम ढगांच्या पदराआड.

ढगांनी माणसाला किती छळावं याचा मासला आपल्याच देशात घडला. ल जँती नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे त्याचं सूर्यबिंबावरून सरकत जाणं, पाहायला पाँडिचेरीला निघाला. पोहोचण्याआधीच ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. अधिक्रमण त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावं लागलं, म्हणजे मोजमापाच्या दृष्टीनं वाया. पुढचं आठ वर्षांनी होतं. हा गृहस्थ परत गेलाच नाही, हिंदी महासागराच्या आसपासच राहिला आणि १७६९ साली पाँडिचेरीत दुर्बीण लावून सज्ज बसला. ऐन सकाळी आभाळ भरून आलं. अधिक्रमण संपलं आणि ऊन पडलं. पॅरिसला पोहोचला तर त्याला मृत ठरवून वारस इस्टेट वाटून घ्यायच्या तयारीत. ते ढग अर्थात आपले होते, शुक्राचे नव्हेत. पण ही गोष्ट सांगण्याचा मोह मला कुठल्याही वर्गात आवरला नाही, इथंही आवरत नाही.

शुक्राच्या ढगांनी मात्र वेगळाच घोळ घातला. ढग आहेत म्हणजे पाणी असणार. सूर्याच्या जवळ म्हणजे उबदार असणार. ऊब आणि पाणी म्हणजे दलदल, आणि दलदल म्हणजे रान माजलेलं असणार. स्वान्ते आर्हेनियस हा नोबेल मिळवलेला रसायनज्ञ, कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते याचा पहिला हिशेब मांडणारा. त्यानंही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शुक्राला ओलाचिंब ग्रह ठरवलं. काहीच दिसत नाही या एका निरीक्षणावरून थेट जंगलापर्यंत पोहोचणाऱ्या या तर्काची कार्ल सेगन पुढं टर उडवत असत. १९३२ साली माउंट विल्सनवरून ॲडम्स आणि डनहॅम यांना ढगांच्या वर भरपूर कार्बन डायऑक्साइड दिसला, तेव्हा आर्हेनियस हयात नव्हता. असता तर त्याला आपलंच गणित आठवलं असतं.

१९५६ साली रेडिओ दुर्बिणींनी शुक्राचं तापमान मोजलं ते तीनशे सेल्सिअसच्या वर निघालं. पुष्कळांना ते पटेना. शेवटी सोव्हिएत यानांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, आणि त्यातली १५ डिसेंबर १९७० ची व्हेनेरा-७ ची उतरण मला सगळ्या अंतराळयुगात सर्वांत जवळची वाटते. पॅराशूटनं शेवटी दगा दिला. यान ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं जमिनीवर आदळलं आणि संदेश जवळजवळ बंद पडले. सगळ्यांनी ते मेलं असं धरलं. नंतर कुणीतरी टेपवरचा गोंगाट चिकाटीनं पुन्हा चाळला, तेव्हा त्यात अगदी क्षीण आवाजात २३ मिनिटांच्या नोंदी सापडल्या. यान कलंडलं असावं, त्याचा अँटेना भलतीकडे तोंड करून असावा. आतला एक स्विच अडकल्यामुळे ते सगळी उपकरणं सोडून फक्त तापमान सांगत राहिलं होतं: ४७५ सेल्सिअस, ४७५ सेल्सिअस. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला आलेला पहिला निरोप हा, एकाच आकड्याचा.

आपल्याकडे कल्हईवाला भांडं तापवून कथील फिरवतो, ते २३२ अंशांना वितळतं. शिसं ३२७ ला, जस्त ४१९ ला. शुक्राच्या जमिनीवर हे तिन्ही धातू पातळ. वर हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट, म्हणजे नखाएवढ्या जागेवर नव्वद किलोंहून जास्त. १९८२ साली उतरलेल्या व्हेनेरा-१३ नं या भट्टीत १२७ मिनिटं तग धरली, तो विक्रम आजही तिचाच आहे. तिनं पाठवलेल्या रंगीत छायाचित्रांत नारिंगी उजेडात चपट्या खडकांच्या लाद्या दिसतात. सोव्हिएत यानांनी जागोजागी तपासलेला खडक बहुतेक बेसाल्टच्या जातीचा निघाला, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ ज्या कुळातला, त्याच. माझ्या घरच्या पाट्या-वरवंट्याचा भाऊबंद तिथं पसरलेला आहे हे कळल्यापासून ती छायाचित्रं मला परकी वाटत नाहीत. पण त्या कातळावर जीव नाही. याबद्दल कुणाचाही वाद नाही, माझाही नाही.

वाद आहे तो वरच्या मजल्याचा. १९६७ साली, म्हणजे जमिनीची आशा मावळत असतानाच, हॅरल्ड मोरोविट्झ आणि कार्ल सेगन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला: जमीन सोडा, ढगांकडे पाहा. जमिनीपासून पन्नास-साठ किलोमीटर वर चढलं की उष्णता आणि दाब दोन्ही उतरत जातात, आणि एका पट्ट्यात ते अगदी ओळखीचे होतात. हे नुसतं कागदावरचं नाही. जून १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी तिथं हेलियमचे दोन फुगे सोडले, साडेतीन मीटरच्या आसपास व्यासाचे. ५४ किलोमीटर उंचीवर ते तरंगत राहिले आणि बॅटरी संपेपर्यंत, सुमारे ४६ तास, बोलत होते. भोवतालचा दाब पृथ्वीच्या निम्मा. तापमान पुण्यातल्या मार्च-एप्रिलच्या दुपारइतकं. वाऱ्यानं त्यांना दोन दिवसांत दहा हजार किलोमीटरहून जास्त लांब नेलं. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, पण त्याचे वरचे ढग चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतात. माणसाला तिथं दाबाचा पोशाख लागणार नाही, फक्त श्वासाला ऑक्सिजन आणि अंगाला आम्लापासून संरक्षण. 'फक्त' हा शब्द मी जपून वापरला आहे.

कारण हे ढग वाफेचे नाहीत. ते गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत, आणि आम्लही पातळ नव्हे: पाऊण हिस्सा ते जवळजवळ निव्वळ. या पदार्थाशी माझी तीस वर्षांची घसट आहे. अकरावीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रयोग दाखवत असे. काचेच्या चंचुपात्रात चार चमचे साखर घ्यायची आणि वरून संहत गंधकाम्ल ओतायचं. अर्धा मिनिट काही होत नाही. मागच्या बाकावरची मुलं गप्पा सुरू करतात. मग साखर पिवळसर होते, तपकिरी होते, आणि एकाएकी काळी पडून फुगायला लागते. वाफा निघतात, पात्र हात लावू नये इतकं तापतं आणि त्यातून कोळशाचा एक भुसभुशीत खांब वाकडातिकडा वर येतो. जळक्या पाकाचा वास वर्गभर पसरतो. साखर जळालेली नसते. आम्लानं तिच्या घडणीतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाणी करून ओढून घेतलेला असतो, आणि मागं उरलेला असतो कार्बन. माझ्या सुती पँटींनाही हे ठाऊक होतं: प्रयोगशाळेत उडालेला थेंब दिसायचा नाही, धुवून दोरीवर टाकल्यावर भोक दिसायचं, आणि घरी त्यावरून जे ऐकायला मिळायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जे आम्ल साखरेतून पाणी उपटून नेतं ते स्वतःजवळचं पाणी दुसऱ्या कुणाला कसं देणार? पुस्तकाचं चौथं प्रकरण या एका प्रश्नावर आहे आणि त्याची सुरुवात मी लोणच्याच्या बरणीपासून केली आहे. कैरीच्या फोडीत पाणी भरपूर असतं. तरी लोणचं वर्षभर टिकतं, कारण मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं. बुरशीला ते पिता येत नाही. आजीनं ओला चमचा बरणीत घालू दिला नाही, त्याचं शास्त्र एवढंच: चमच्याबरोबर मोकळं पाणी आत जातं आणि आठ दिवसांत तोंडाशी पांढरी साय धरते. पाणी किती आहे हा प्रश्न नसतो, किती मोकळं आहे हा असतो. शास्त्रज्ञ याला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात आणि शुद्ध पाण्याला १ धरून मोजतात. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यात ती ०.७५. चांगल्या मधात ०.६ च्या जवळपास, म्हणून मध नासत नाही. पृथ्वीवर सर्वांत कोरड्या जागी वाढू शकणारा जीव म्हणून जो ओळखला जातो तो ॲस्परजिलस कुळातली एक बुरशी, आणि तिची हद्द ०.५८५. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले जॉन हॉल्सवर्थ आणि सहकारी यांनी २०२१ साली शुक्राच्या ढगांचा हाच आकडा काढला: ०.००४ किंवा त्याहून कमी. बुरशीच्या हद्दीपेक्षा शंभरपटीहून खाली. गंमत म्हणजे त्याच लेखात त्यांनी गुरूच्या ढगांचाही हिशेब केला आणि तिथला एक थर पाण्याच्या परीक्षेत पास झाला. देवांचे गुरू उत्तीर्ण, दैत्यांचे नापास. पुराणांतली जुनी चुरस आठवून मी एकटाच हसलो.

इथं पुस्तक संपायला हवं होतं. दोन गोष्टींमुळे ते संपलं नाही.

पहिली गोष्ट डागांची. अतिनील प्रकाशात शुक्राच्या ढगांवर काळपट पट्टे दिसतात. १९२० च्या दशकात फ्रँक रॉस यांनी त्यांची छायाचित्रं घेतली. आज शंभर वर्षांनीही ते नेमके कशाचे आहेत यावर एकमत नाही. कुणी गंधकाची, कुणी लोहाची संयुगं सुचवतं. शुक्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला जो भाग ग्रह शोषून घेतो त्याचा मोठा वाटा हा अज्ञात पदार्थ गिळतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातले संजय लिमये यांनी २०१८ साली राकेश मोगल आणि इतरांबरोबर एक लेख लिहिला, तो वाचून मराठी माणसाचे कान टवकारावेत, नावासाठी नव्हे, धाडसासाठी. त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीवरच्या काही जिवाणूंचे रेणू जसा प्रकाश शोषतात तसंच काहीसं या डागांत दिसतं, तेव्हा ही शक्यता यादीतून खोडू नका. 'आहे' म्हणणं सोपं असतं, 'नाही' म्हणणं त्याहून सोपं. 'खोडू नका' म्हणायला लेखणी सांभाळावी लागते.

दुसरी गोष्ट मला व्यक्तिशः टोचली. साखरेचा तो काळा खांब वर्षानुवर्षं दाखवून मी मुलांना सांगत आलो की संहत गंधकाम्लात जीवनाचं रसायन टिकणं शक्य नाही. सारा सीगर यांच्या गटानं मात्र प्रत्यक्ष घालूनच पाहिलं. प्रथिनं ज्यांची बनतात ती २० अमिनो आम्लं त्यांनी संहत गंधकाम्लात आठवड्यांमागून आठवडे ठेवली, आणि २०२४ साली कळवलं की एक सोडून बाकी सगळ्यांचा गाभा शाबूत राहिला. काहींच्या शेपटीत बदल झाले, एवढंच. त्याआधी त्यांनी डीएनएमधले पायाभूत रेणूही तसेच टिकवून दाखवले होते. टिकत नाही ती डीएनएच्या कण्यातली साखर. म्हणजे माझा प्रयोग खरा होता, त्यावरून काढलेला सरसकट निष्कर्ष खरा नव्हता. तीस वर्षांच्या तुकड्यांना एकेक पोस्टकार्ड टाकणं शक्य नाही, म्हणून ही कबुली प्रस्तावनेत.

तरीही टिकणं वेगळं आणि जगणं वेगळं. वाळवलेली मिरचीही टिकते. शुक्राच्या ढगांतला काल्पनिक जंतू थेंबात वाढतो, थेंब जड झाला की खाली पडतो, खालच्या उष्ण धुक्यात वाळून बीजासारखा होतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा वर येतो, असं जीवनचक्र याच गटानं रेखाटलं आहे. तो अमोनिया बनवून आपल्यापुरता थेंब सौम्य करून घेतो, अशीही कल्पना आहे. दोन्ही वाचायला सुरेख आहेत. पण प्रत्येक अडचणीला एक जादा युक्ती जोडत गेलं की माझ्यातला परीक्षक जागा होतो: हा विद्यार्थी उत्तर काढतोय की उत्तरावरून मागं येतोय? आज शुक्रावर जीव असण्याची शक्यता मला फार थोडी वाटते.

कालचं मात्र सांगता येत नाही, आणि खरं नाट्य तिथं आहे. १९७८ साली पायोनियर व्हीनस या अमेरिकी मोहिमेच्या कुप्या हवेतून खाली गेल्या, तेव्हा जड हायड्रोजनचं साध्या हायड्रोजनशी असलेलं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक निघालं. पाण्याचा रेणू उन्हानं फुटला की साधा हायड्रोजन हलका म्हणून आधी अवकाशात निसटतो, जड मागं राहतो. आटवलेल्या दुधाच्या पातेल्यावरच्या कडा पाहून आधी दूध किती होतं ते ओळखावं, तसा हा पुरावा. शुक्राकडे पाणी होतं. पण ते समुद्र होऊन जमिनीवर साचलं का? मायकेल वे आणि अँथनी डेल जेनिओ यांच्या संगणकी प्रतिमानांत शुक्र अब्जावधी वर्षं सुसह्य राहतो, अगदी सत्तर कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. मार्टिन टर्बे यांच्या २०२१ च्या प्रतिमानात वाफ कधी पाऊस होऊन पडतच नाही. २०२४ च्या अखेरीस केंब्रिजच्या मंडळींनी ज्वालामुखींच्या वायूंवरून ताडलं की ग्रहाचं पोटही कोरडंच आहे. सध्या पारडं कोरड्या बाजूला झुकलेलं आहे. समुद्राच्या बाजूनं असलेल्यांनी हार मानलेली नाही.

उष्णतेबद्दल एक गैरसमज इथंच दूर केलेला बरा. शुक्र सूर्याजवळ आहे म्हणून तापला, असं सरसकट म्हणतात. त्याच्यावर आपल्या जवळजवळ दुप्पट ऊन पडतं हे खरं, पण त्याचे पांढरे ढग त्यातलं पाऊण परत पाठवतात. शेवटी तो आपल्यापेक्षा कमी ऊन पोटात घेतो. तापला तो ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या गोधडीमुळे. तुलनेनं मोठा कार्बनचा साठा पृथ्वीकडेही आहे. फक्त तो चुनखडकात बंदिस्त आहे, आणि तो तिथं बंदिस्त झाला पाण्यामुळे. पुन्हा पाणीच.

एक मजकूर कुठल्याच प्रकरणात बसेना, तो इथं. शुक्रावरच्या स्थळांना स्त्रियांची नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा नियम आहे. मॅक्सवेल पर्वत हा त्याला आधीपासूनचा अपवाद. तिथं लक्ष्मी नावाचं विस्तीर्ण पठार आहे. ३४ किलोमीटर व्यासाचं जोशी नावाचं विवर आहे, ते आनंदीबाईंचं. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशीही न गाठता गेल्या. पंडिता रमाबाईंच्या नावानं मेधावी विवर आहे. कल्याण आणि पुण्यातल्या किती घरांना हे माहीत असेल?

पुढं काय, याबद्दल फार लिहीत नाही. मोहिमांच्या तारखा पुढं सरकण्यासाठीच असतात. आपल्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या शुक्र कक्षीय मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले, उड्डाण मार्च २०२८ साठी ठरवलं. अमेरिकेचं डाव्हिन्ची यान हवेतून थेट खाली उतरत वायू मोजणार आहे. माझा जीव अडकलाय तो एका छोट्या खासगी कुपीत, जी ढगांतून काही मिनिटं पडताना थेंबांवर प्रकाश टाकून त्यात सेंद्रिय काही चमकतं का, एवढंच पाहणार आहे. काडी लहान असली तरी तोटीत तीच जाते.

आता वाचकांना दोन शब्द. ज्यांना रसायनाची धास्ती आहे त्यांनी दुसरं प्रकरण गाळलं तरी चालेल. चौथं, लोणच्याचं, गाळू नये. आकडे शक्य तितके तपासून घेतले आहेत, तरी चूक राहिली असेल तर कळवावी, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. आणि फॉस्फीनचं सहावं प्रकरण पेन्सिल हातात घेऊन वाचावं. समास मुद्दाम रुंद ठेवायला सांगितला आहे. पुस्तक तुमच्या कपाटात असतानाच त्या प्रकरणातलं काहीतरी खोडावं लागणार आहे.